वांड कोण? पोरं की आवार?

'झोपडपट्टीची पोरं, मारामाऱ्या करणारच.' हे वाक्य मास्तर लोकांच्या तोंडात पानासारखं बसलंय. दोष संस्काराचा, दोष जातीचा. खाली आवारात मात्र कुणी साला डोकावत नाही.

मी गोदीत माल उचलतो. शेडमध्ये दोन टोळ्यांना एकच अरुंद वाट दिली की दुपारपर्यंत एकमेकांची आईबहीण निघते. वाट रुंद करा, तेच गडी एका डब्यात जेवतात. मुकादमाला हे कळतं. शिक्षण खात्याला कळत नाही.

आमच्या वस्तीतली शाळा घ्या. चार मजले, दोन पाळ्या, खाली सिमेंटचा पट्टा. त्यातही हेडमास्तरांची स्कूटर. मधल्या सुट्टीत अख्खी शाळा त्या पट्ट्यावर उतरते. नळ एकच, तोही मुतारीला लागून. थोराड पोरं मधली जागा बळकावतात, मुली भिंतीला चिकटून डबा खातात, बारकी जिन्यात. धक्का लागला की सिमेंटवर गुडघा फुटतो आणि राडा सुरू. शिक्षा काय? मधली सुट्टी बंद!

१९४३ साली, नाझींच्या कब्जातल्या डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात कामगार वसाहतीच्या पोरांसाठी भंगाराचं मैदान उघडलं. सोरेन्सन नावाच्या बागा आखणाऱ्या माणसाने पाहिलं होतं, पोरं सजवलेल्या बागेपेक्षा बांधकामाच्या पसाऱ्यात रमतात. म्हणून फळ्या, विटा, हत्यारं त्यांच्याच हातात दिली. (आमच्या पोराच्या हातात हातोडा दिसला तर पोलीस येतील, ते सोडा.) अॅमस्टरडॅममध्ये आल्डो व्हान आयक या वास्तुरचनाकाराने १९४७ ते १९७८ या काळात ७०० वर खेळाच्या जागा आखल्या, पुष्कळशा तर शहरातल्या रिकाम्या तुकड्यांवर. वाळूचा हौद, लोखंडी कमानी, काँक्रीटचे ठोकळे. महागाचं काही नाही. 'जागा नाही' हे रडगाणं तिथं चाललं नाही.

आणि आवाराची आखणी काय करते ते आपल्याला कुणी परदेशातून येऊन सांगायला नको. बाबासाहेबांच्या शाळेत नळ होता, पाणीही होतं. शिपायाने तोटी सोडली नाही तर त्या पोराने दिवसभर तहानेलं राहायचं.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान लिहिलंय. नुसतं 'मैदान'. किती फूट, ते नाही.

दोस्तांनो, येत्या शनिवारी टेप घेऊन आपापल्या वॉर्डातल्या शाळेत घुसा. आवार मोजा, नळ मोजा, शाळा सुटल्यावर गेटची किल्ली कुणाकडं असते ते विचारा. आकडे घेऊन वॉर्ड ऑफिसवर जाऊ. पण त्या आधी ती स्कूटर हलवायला लावा.