कीचकवधातील सैरंध्री

नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ व भीम म्हणजे जहाल, हे समीकरण आमच्या टीकाकारांस इतके पाठ झाले आहे की, त्या नाटकात एक स्त्रीही आहे याचा त्यांस विसर पडावा! आम्हीही वर्षानुवर्षे वर्गात हेच शिकवीत आलो. तेव्हा हा दोष प्रथम आमच्याच पदरी घेतो.

कोणी म्हणेल, राजकीय रूपकात स्त्रीचा प्रश्न कशाला उकरावा? आमचे उत्तर असे की, सैरंध्रीची विटंबना पाहून प्रेक्षकाचे रक्त आधी तापले नसते, तर त्यास कर्झनसाहेब आठवलेच नसते. रूपकाचे सारे बळ त्या स्त्रीच्या अपमानातून आलेले आहे. तिलाच निव्वळ प्रतीक ठरवून बाजूस सारणे ही तिची दुसरी विटंबना होय.

मूळ विराटपर्व पाहावे. स्पष्ट नकार ऐकूनही कीचक तिचा पिच्छा सोडीत नाही. त्याची बहीण, प्रत्यक्ष राणी सुदेष्णा, मद्य आणण्याच्या मिषाने तिला त्याच्याच महालात धाडते. भरसभेत तो तिला लाथ मारतो, आणि राजा विराट स्वस्थ बसतो. वधानंतर उपकीचक तिलाच दोषी धरून चितेवर जाळावयास नेतात. भीम तिला सोडवितो खरा. परंतु अखेर राजाचा निरोप येतो तो तिलाच, की तू नगर सोडून जा!

स्त्रीचा पाठलाग हा स्वतंत्र अपराध म्हणून २०१३ साली दंडसंहितेत आला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ खाली आहे, आणि पहिल्याच अपराधास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा झाला, हे ठीकच. परंतु मुलगी अशी तक्रार घेऊन घरी आली असता, ‘उद्यापासून तुझे कॉलेज बंद’ म्हणणारा सद्गृहस्थ स्वतःस भीम समजत असला, तरी तो वस्तुतः विराटच होय.

म्हणून हे नाटक पुन्हा बसविणारांस आमचे सांगणे एवढेच की, वधाच्या टाळीवर पडदा पाडू नये. राजाचा तो निरोप रंगभूमीवर मोठ्याने वाचून दाखवावा, आणि त्या वेळी प्रेक्षागृहातील दिवे लावलेले असावेत.