तेलातील पहारेकरी

दिवाळी आणि तेल यांचे नाते गृहिणींना सांगावयास नको. अभ्यंगाला तेल, पणतीला तेल आणि चकलीच्या कढईतही तेल! पण वाचकहो, बीच्या पोटात हे तेल येते तरी कशासाठी? ती असते कोवळ्या अंकुराची शिदोरी. हवा लागली की तेल खवट होते, म्हणून वनस्पतीने या शिदोरीवर पहारेकरीही बसवून ठेवले आहेत. जीवनसत्त्व ‘ई’ हा त्यांतला प्रमुख. १९२२ साली अमेरिकेत बर्कले येथे एव्हन्स आणि बिशप यांनी त्याचा छडा लावला. तिळात सेसमॉल व त्याचे भाऊबंद असतात. तिळाचे तेल लवकर खवट होत नाही ते त्यांच्यामुळेच.

हे पहारेकरी बी सांभाळतात, तसे आपल्यालाही सांभाळतील काय?

आता शत्रूची ओळख करून घेऊ. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की जातीचे लाखभर पक्षी पटापट मेले. शोध घेता घेता संशोधक पोहोचले ते भुईमुगाच्या पेंडीपाशी. पेंडीवर बुरशी होती आणि त्या बुरशीत विष होते. त्याचे नाव अ‍ॅफ्लाटॉक्सिन. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल भागांत बुरसटलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली, तीही याच विषाने.

या विषाची रीत मोठी कपटी. यकृत त्याचा निचरा करू पाहते आणि त्या खटपटीत त्याचे अधिक जहाल रूप तयार होते. ते पेशीतील डीएनएला, म्हणजे आनुवंशिकतेच्या मूळ दप्तरालाच, जाऊन चिकटते. दप्तरातील अक्षर बदलले की पुढच्या नकलाही चुकीच्याच निघतात. यकृताच्या कर्करोगाचे हे एक कारण आहे.

असली हानी मोजण्याची युक्ती सोपी आहे. पेशी दुभंगताना गुणसूत्राचा मोडका तुकडा मागे राहिला, तर त्याचे निराळे चिमुकले केंद्रक बनते. सूक्ष्मदर्शकाखाली ही केंद्रके मोजावयाची. मोडकी गुणसूत्रेही तशीच मोजता येतात. कलौंजीच्या तेलातील थायमोक्विनोन हे द्रव्य दिलेल्या उंदरांना धुरातील बेंझोपायरीन हे विष देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या अस्थिमज्जेतील गुणसूत्रांची मोडतोड कमी आढळली. अ‍ॅफ्लाटॉक्सिन दिलेल्या उंदरांच्या यकृताची हानीही कलौंजीच्या तेलाने कमी झाली.

वाचून कोणी लगेच बाटली आणावयास धावेल! पण जरा थांबा. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार धूम्रपानी पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ साली निष्कर्ष आला, की जीवनसत्त्व ‘ई’च्या गोळ्यांनी फुफ्फुसाचा कर्करोग काही कमी झाला नाही. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा २०११ चा अहवाल तर सांगतो, की या गोळ्या घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला. अन्नातला पहारेकरी वेगळा आणि गोळीतून लादलेली फौज वेगळी.

आणखी एक मेख आहे. हल्ली लाकडी घाण्याच्या तेलाचे पुन्हा कौतुक होऊ लागले आहे. शुद्धीकरणात काही पहारेकरी गळतात, तेव्हा ते कौतुक अगदीच खोटे नाही. परंतु दाणे बुरसटलेले असले, तर बरेचसे विष पेंडीत जाते आणि थोडे कच्च्या तेलात उतरते. कारखान्यातील क्षाराच्या प्रक्रियेने ते निघून जाते. घाण्यावर ती सोय नाही. म्हणजे पहारेकरी आणि चोर एकाच दाराने घरात यावयाचे!

म्हणून खरी राखण घाण्याच्या आधीच सुरू होते. शेंगा खडखडीत वाळवाव्यात आणि कोरड्या जागी ठेवाव्यात. काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे निवडून फेकावेत. भाजून किंवा तळून हे विष पुरते मरत नाही, तेव्हा ‘कुटात खपून जाईल’ हा हिशेब महागात पडेल. असले दाणे वा पेंड गाईम्हशींपुढेही टाकू नये, कारण विष रूप पालटून दुधात उतरते आणि ते दूध घरातल्याच पोराच्या पेल्यात येते.

तेलातील पहारेकरी गुणी खरेच. पण सुपात दाणे निवडणारे हात त्यांच्याहून वडील आहेत. यंदाच्या फराळात त्या हातांचाही मान राखा!