टिप हातात पडू द्या, पगार हक्काचा होऊ द्या!

समस्त कोल्हापूरकर बंधू-भगिनींनो आणि अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांनो,

नवरात्र तोंडावर आलं आहे. महाद्वार रोडपासून रंकाळ्यापर्यंत, एसटी स्टँडपासून ताराबाई पार्कापर्यंत हॉटेलांत पाय ठेवायला जागा उरणार नाही. या गर्दीत सगळ्यात जास्त राबणार आहेत ते वेटर, आचारी आणि भांडी घासणाऱ्या मावश्या. त्यांच्या कमाईला लागलेली गळती याच हंगामात थांबली पाहिजे, म्हणून हे कळकळीचं आवाहन.

पूर्वी बिलाच्या ताटलीत बडीशेपेशेजारी सुटे पैसे परत यायचे आणि त्यातली दहा-वीसची नोट ठेवून गिऱ्हाईक उठायचं. आता टेबलावर क्यूआर कोड आहे. ४८० रुपयांचं बिल बरोबर ४८० रुपयांनीच भागतं आणि पैसे थेट मालकाच्या खात्यात जमा होतात. तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या वाट्या न कंटाळता पुन्हा पुन्हा भरणारा पोरगा रिकाम्या हातानं पुढच्या टेबलाकडं वळतो. आपली दानत आटलेली नाही, खिशातले सुटे आटले आहेत. कुणी वीस रुपये वाढवून स्कॅन केले, तरी ते त्या पोरापर्यंत पोचतील की नाही, हे मालकाच्या मर्जीवर.

याहून गंभीर बाब म्हणजे ‘टिप मिळतेच की’ म्हणत पगार कमी ठेवायची वृत्ती. अमेरिकेत हेच कायद्यात बसवलं गेलं. तिथल्या केंद्रीय कायद्यात टिपवर काम करणाऱ्यांना मालकानं द्यायची किमान रक्कम १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर अडकली आहे. अनेक राज्यांत वेटर गिऱ्हाइकाच्या टिपवरच घर चालवतो. आपल्या कायद्यात मालकाला अशी सवलत नाही. किमान वेतन मालकानंच द्यायचं असतं. गिऱ्हाइकाची टिप त्यात धरता येत नाही. ब्रिटननं तर ऑक्टोबर २०२४ पासून टिप कामगारांपर्यंत पोचवणं मालकांवर बंधनकारक केलं आहे.

गिऱ्हाइकांना विनंती

- जेवायला निघताना दहा-वीसच्या चार नोटा खिशात ठेवा. टिप वाढणाऱ्याच्या हातात, आदरानं द्या.
- ऑनलाइनच द्यायची असेल, तर ‘ही कुणाला मिळते?’ असं गल्ल्यावर विचारा.
- बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये तसं बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. तो काढायला सांगा आणि टिप स्वखुशीनं द्या.
- परवडत नसेल तर संकोच नको. पण ‘ए’ म्हणून हाक मारू नका.

हॉटेलमालकांना विनंती

- टिपचा डबा गल्ल्यापासून वेगळा ठेवा. रोजचा हिशेब सगळ्यांसमोर करा आणि आत राबणाऱ्या आचाऱ्याला, मावश्यांनाही वाटा द्या.
- फुटलेल्या कपबशीचे पैसे टिपमधून कापू नका.
- किमान वेतन, आठवड्याची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर हा कायद्यानं ठरलेला हक्क आहे. नवरात्राच्या गर्दीतही तो पाळा.

कामगार बंधू-भगिनींना विनंती

- हजेरी आणि जादा तास स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. पगार किमान वेतनाखाली असेल, तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. एकट्यानं नको, चौघं मिळून जा.

अस्पृश्यतेच्या काळात राजर्षी शाहू महाराजांनी याच शहरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला बळ दिलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा घेतला. वाढणाऱ्या हाताचा मान राखण्याचा धडा कोल्हापूरला बाहेरून शिकायची गरज नाही. टिप ही आपली कृतज्ञता आहे आणि पगार हा त्यांचा हक्क. कृतज्ञता हक्काची जागा घेऊ शकत नाही. आज रात्री हॉटेलात जाल, तेव्हा नोट वाढणाऱ्याच्या हातात ठेवा आणि निघताना मालकाला विचारा, ‘पोरांना पगार पुरेसा देता ना?’ गावानं हा प्रश्न रोज विचारायला सुरुवात केली, तर उत्तर द्यावंच लागेल.

आपला,
एक कोल्हापूरकर