वाघिणीची वाट अडवू नका

३१ डिसेंबर २०२४. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या सफारी रस्त्यावर एफ-२ ही वाघीण आपल्या पाच बछड्यांसह चालली होती. पुढून जिप्सी आल्या, मागूनही आल्या आणि मायलेकरं मधल्या मध्ये कोंडली गेली. त्या प्रसंगाची चित्रफीत राज्यभर फिरली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि वन खात्याला जाब विचारला. जिप्सीचालक आणि गाइड निलंबित झाले, दंडही बसला.

कारवाई व्हायलाच हवी होती. पण जंगलातल्या रस्त्यावर कसं वागायचं, ही जबाबदारी फक्त स्टिअरिंग धरणाऱ्याची आणि गाइडची आहे, असं मानून हा विषय मिटवला तर पुढच्या हंगामात तेच होईल. गाडीत बसणाऱ्या पर्यटकाचं काय?

भंडारा जिल्ह्याला हा प्रश्न घरचा आहे. २०१२ साली जाहीर झालेल्या या सुमारे १८९ चौरस किलोमीटरच्या अभयारण्याचा मोठा भाग नागपूर जिल्ह्यात असला, तरी पवनी तालुक्यातलं जंगल भंडाऱ्याचं आहे. साकोली तालुक्यातल्या पिटेझरी गेटमधून नागझिऱ्यात जाता येतं. कोका अभयारण्य तर भंडारा शहराजवळच. दिवाळी, नाताळ किंवा मे महिन्याच्या सुट्ट्या आल्या की पुण्या-मुंबईच्या गाड्या या गेटांवर पहाटेपासून लागतात. गावातल्या तरुणांना त्यातून काम मिळतं, ढाबे चालतात, घरातल्या खोल्या भाड्याने जातात. हे सगळं टिकायला हवं, म्हणूनच रस्त्यावरची शिस्त सैल पडू देता कामा नये.

पवनीचं जंगल देशाच्या नकाशावर आलं ते जय या वाघामुळे. नागझिऱ्यात जन्मलेला हा वाघ शंभर किलोमीटरहून अधिक अंतर तोडून, शेतं, नाले, महामार्ग ओलांडून २०१३ मध्ये इथे आला. त्याला पाहायला लोकांची रीघ लागली. एप्रिल २०१६ पासून तो कोणाला दिसला नाही. जयच्या काळात लागलेली गर्दीची सवय मात्र राहिली, आणि तिच्याबरोबर एक अपेक्षाही रुजली: गेटच्या आत गेलं की वाघ दिसलाच पाहिजे, आणि तोही जवळून.

वाघिणीची अशी कोंडी होते कशी, ते जंगलात फिरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. चितळाचा धोक्याचा कॉल येतो, पाठोपाठ झाडावरून वानर खाकरतं. चालक इंजिन बंद करतो. धुळीत ताजा पगमार्क असतो, इतका ताजा की त्याची कड अजून ढासळलेली नसते. दोन मिनिटांत मागून दुसरी जिप्सी येते, मग तिसरी. वाघीण बांबूतून बाहेर येते आणि रस्त्यानेच चालू लागते, कारण काट्याकुट्यांपेक्षा मऊ धुळीची वाट तिच्याही पायांना बरी वाटते. पहिल्या गाडीने रिव्हर्स घेत तिला जागा द्यायची असते. पण मागे गाड्या चिकटलेल्या असल्या तर रिव्हर्स घेणार कुठे? समोरून आलेल्या गाडीतला कोणीतरी म्हणतो, ‘भाऊ, थोडी पुढे घ्या ना, फोटोत झाड येतंय.’ भाऊ गाडी पुढे घेतो. वाघीण रस्ता ओलांडून जाते, पण दोन बछडे अलीकडच्या घाणेरीच्या झुडपातच राहतात, कारण त्यांच्या आणि आईच्या मधोमध गाडी उभी असते. बछडे जवळपास दोन वर्षं आईच्या मागे राहून शिकार शिकतात. एवढ्या काळात असे प्रसंग किती वेळा येत असतील, याचा विचार गाडीतल्या प्रत्येकाने करावा.

नियम नाहीत असं नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१२ मध्येच व्याघ्र प्रकल्पांतल्या पर्यटनासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर, प्राणी पाहताना दोन गाड्यांमध्ये ५० मीटर, प्राण्याला घेरायचं नाही, खायला घालायचं नाही. सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२५ मध्ये कॉर्बेट प्रकरणाच्या निकालात व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन विभागात मोबाइल वापरावर बंदी घालण्यास सांगितलं. ५० मीटरचा नियम खरोखर पाळला, तर वाघिणीला दोन गाड्यांच्या मधून निघून जायला वाट मोकळी राहते. कोंडी होण्याचं कारणच उरत नाही.

नियम पाळले जाणं अशक्य नाही. जगात इतरत्र, अगदी वेगळ्या हवामानात, सर्वांसाठी तयार केलेल्या वाटेवरचं वागणं लोकांच्या अंगवळणी पडलं आहे. नॉर्वेत ऑस्लोभोवतीच्या जंगलात हिवाळ्यात यंत्राने बर्फ दाबून स्कीसाठी समांतर खाचा पाडतात. १८८३ साली स्थापन झालेली स्कीफोरेनिंगेन ही संस्था त्या वाटा सांभाळते. पायी जाणारा त्या खाचांवर पाय ठेवत नाही. पडलेला माणूस आधी वाटेतून बाजूला होतो. उतारावरून येणाऱ्याला चढणारा जागा देतो. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने असे नियम लिहून ठेवले आहेत, पण ते पाळले जातात ते बरोबरच्या माणसांच्या नजरेमुळे. खाच मोडणाऱ्याला तिथला दुसरा स्कीवालाच टोकतो.

आपल्या सफारीत टोकणारा कोणीच नसतो, कारण सगळेच त्या फोटोच्या मागे असतात. गाइड टोकू शकतो, पण त्याची अडचण ओळखायला हवी. तो जवळच्या गावचा असतो. त्याची रोजची कमाई फेरीवर आणि बऱ्याच अंशी टिपवर चालते. फेरी संपल्यावर गेटवर पहिला प्रश्न येतो, ‘सायटिंग झाली का?’ झाली तर टिप चांगली, नाही तर हात आखडतो. ज्याच्या खिशात ही टिप आहे त्याला ‘साहेब, गाडी पुढे जाणार नाही’ असं सांगायला बरीच हिंमत लागते. ती हिंमत एकट्या गाइडकडून मागणं अन्यायाचं आहे.

म्हणून गाइडच्या बाजूने व्यवस्था उभी राहिली पाहिजे. वन विभागाने गाइडचं मानधन इतकं ठेवावं की वाघ दिसो न दिसो, त्याच्या घरात फरक पडू नये. टिप द्यायची तर ती गेटवरच्या सामायिक पेटीत जावी आणि सगळ्यांत वाटली जावी. नियम मोडायला भाग पाडणाऱ्या पर्यटकाची तक्रार गाइडला निर्धास्तपणे नोंदवता यावी. सफारीचं बुकिंग ओळखपत्रावर होतं, त्यामुळे गाडीत कोण होतं हे शोधणं अवघड नाही. अशा पर्यटकाला राज्यातल्या कुठल्याही गेटवर ठरावीक काळ बुकिंग मिळू नये.

आणि गेटवर परवाना तपासण्याआधी पाच मिनिटं काढून गाडीतल्या सगळ्यांना, मुलांसकट, २० आणि ५० मीटर म्हणजे डोळ्यांना किती दिसतं ते दाखवावं. पवनीच्या गेटवर रस्त्याच्या कडेला दोन खांब रोवले तरी पुरे. तिथून निघालेल्या मुलाला पुढे वाघ दिसला, तर गाडी फार जवळ गेली हे त्यालाच कळेल. मग वडिलांच्या हट्टापुढे तोच ‘बाबा, इथेच थांबू’ म्हणेल. गाइडच्या तोंडून न निघणारं वाक्य त्याच्या तोंडून निघालं तर त्या गाडीत ते कोणी टाळू शकणार नाही.