ओल भिंतीची, भार भाडेकरूचा

पावसाळा सरू लागला की शहापूर-आसनगाव परिसरातील आणि मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीभोवतीच्या भाड्याच्या खोल्यांत एक जुना वाद नव्याने उभा राहतो. भिंतींवर काळी बुरशी चढलेली असते, गिलाव्याचे पोपडे सुटलेले असतात. घरमालक म्हणतो, तुम्ही दारे-खिडक्या लावून बसता, घरातच कपडे वाळवता. भाडेकरू म्हणतो, स्लॅब गळतो. खोली सोडताना रंगकामाचा खर्च अनामत रकमेतून कापला जातो आणि वाद दुर्बळाच्या पदरी पडून मिटतो.

प्रश्न स्वच्छतेचा नाही, मालकी आणि उत्तरदायित्व यांच्या नात्याचा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी चार महिन्यांत कोसळणारा पाऊस स्लॅबच्या भेगांतून, उघड्या भिंतींतून आणि जोत्यातून घरात शिरत असेल, तर तो दोष बांधकामाचा होय. स्वयंपाकाची वाफ बाहेर जाऊ देणे, खिडकी उघडणे, गळती दिसताच कळवणे हे भाडेकरूचे कर्तव्य आहेच. पण खोलीला खिडकीच एक असेल, तर उघडायचे काय? जो दोष दूर करण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याची जबाबदारीही त्याचीच, हे तत्त्व न्याय्य आहे.

कायदाही हे तत्त्व काही अंशी मानतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, विरुद्ध करार नसेल तर, घर राहण्यायोग्य स्थितीत राखणे मालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाची.

मात्र या तरतुदीला दोन भगदाडे आहेत. अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणारा कामगार कायद्याच्या भाषेत भाडेकरूच ठरत नाही. शिवाय हा कायदा परिशिष्टांत नोंदलेल्या क्षेत्रांपुरता आहे. त्याबाहेरच्या गावांत १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो, आणि तो मालकावर दुरुस्तीचे सर्वसाधारण बंधन घालत नाही. सहज न दिसणारा मोठा दोष मालकाने आधीच सांगावा, एवढे त्याचे कलम १०८ म्हणते. चैत्रात कोरडीठाक दिसणारी भिंत आषाढात पाझरते, हे मालकाला ठाऊक असते, नव्या बिऱ्हाडाला नसते. म्हणूनच या कलमाचे मोल मोठे आहे.

हे दुखणे केवळ आपल्याकडचे नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे २०२० मध्ये बुरशीने ग्रासलेल्या घरात दोन वर्षांचे बालक दगावले. तिथेही आधी बोट कुटुंबाच्या राहणीकडे दाखवले गेले होते. २०२२ च्या मृत्यू-चौकशीने बुरशीलाच कारण ठरवले, आणि २०२३ च्या कायद्याने सामाजिक गृहसंस्थांवर ठरावीक मुदतीत दुरुस्तीचे बंधन घालण्याचा मार्ग मोकळा केला.

येथील अनेक घरमालक स्वतः लहान शेतकरी आहेत, चार खोल्यांच्या भाड्यावर संसार चालवणारे. त्यांना शत्रू मानणे अयोग्य ठरेल. परंतु भाडे हा राहण्यायोग्य घराचा मोबदला आहे. दुरुस्ती टाळून वाचवलेला पैसा भाडेकरूच्या मुलाच्या दम्यावरील औषधांतून वसूल होत असेल, तर ती बचत नसून शोषण आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी वैशाखातच वस्त्यांत जावे. करार लेखी व नोंदणीकृत करवून घ्यावेत. छत, भिंती व नळांची दुरुस्ती मालकाकडे, हे त्यात स्पष्ट लिहावे. खोली घेताना व सोडताना उभयतांनी एकत्र पाहणी करावी, छायाचित्रे ठेवावीत. नोटीस एकट्याने नव्हे, चाळीने मिळून द्यावी. आणि १९९९ च्या कायद्याचे संरक्षण ग्रामीण भागाला व अकरा महिन्यांच्या करारालाही मिळावे, ही मागणी विधिमंडळापर्यंत न्यावी. एकट्या भाडेकरूला खोली रिकामी करायला सांगता येते. संघटित चाळीला ते इतके सोपे नसते.