टेबलावरचा चिनी रणगाडा

गेल्या रविवारी वहिनी आल्या होत्या. चहा घेता घेता त्यांचं लक्ष खिडकीजवळच्या माझ्या टेबलाकडे गेलं. टेबलावर नेहमीचाच पसारा. कटर, चिमटा, गोंदाची बाटली, जुने टूथब्रश, आणि मधोमध उघडलेला नवाकोरा खोका. त्यांनी झाकणावरचं चित्र जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "हा कुणाचा?"

"चीनचा. हलका रणगाडा आहे, टाइप १५."

"म्हणजे लडाखला आणला होता तो?"

"हो, तोच."

वहिनींनी कप खाली ठेवला. "भावोजी, हा कशाला हो घरात?" एवढंच म्हणाल्या. पुढे भाजीपाल्याचे भाव, नळाचं पाणी, सगळं नेहमीसारखं बोलणं झालं. पण जाताना त्या टेबलाच्या बाजूने न जाता सोफ्याला वळसा घालून गेल्या. आमची ही म्हणाली, "तुला कळलं ना?" कळलं होतं.

नातेवाईकांना सांगायची गरज नाही, पण ब्लॉगवरच्या मित्रमंडळींसाठी सांगतो. वहिनींचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, फौजेत आहे. २०२०-२१ चा तो हिवाळा त्याने लडाखमध्ये काढला. १५ जून २०२० ला गलवानमध्ये आपले वीस जवान गेले. त्यानंतर कित्येक दिवस वहिनी फोन उशाशी घेऊन झोपत होत्या, आणि फोन वाजला तरी घाबरत होत्या, नाही वाजला तरी घाबरत होत्या. तेव्हा बातम्यांत जी नावं सारखी कानावर पडायची त्यात हा टाइप १५ पण होता. ज्या वस्तूचं नाव ऐकून त्या बाईची झोप उडाली, तिची वीतभर लांबीची प्रतिकृती दीर चवीने जोडत बसलाय! त्यांचं काय चुकलं?

तरीही मी ते किट पूर्ण करणार आहे. का, ते लिहायचा हा प्रयत्न. (वहिनींना फोन करून सांगितलंय की यावर लिहितोय म्हणून. "लिहा, पण माझं नाव नको," म्हणाल्या.)

आधी किटबद्दल थोडं. मेंग नावाची चिनी कंपनी आहे, तिचं हे १/३५ प्रमाणातलं मॉडेल. म्हणजे खऱ्या रणगाड्याचे पस्तीस सेंटिमीटर म्हणजे माझ्या टेबलावरचा एक सेंटिमीटर. हा पस्तीसचा आकडा कुठून आला असं सगळेच विचारतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं, त्यात मोटार आणि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या. त्या मावतील एवढा रणगाडा केला आणि मग मोजलं तर ते प्रमाण पस्तिसाच्या आसपास निघालं! पुढे साऱ्या जगाने तेच धरलं. ती कंपनी मोठी करणारे शुन्साकु तामिया जुलै २०२५ मध्ये नव्वदीत गेले, तेव्हा माझ्यासारख्या कित्येक काकांनी जगभर उसासे टाकले असतील.

बहिष्काराचा मुद्दा लगेच उरकून टाकतो. "चिनी माल का घेतलास?" असं धाकट्या मेव्हण्याने विचारलं, ते चिनी चार्जर लावलेल्या फोनवरून. असो. :-)

खरा प्रश्न पैशाचा नाहीच. शत्रूचं हत्यार हौसेने, बारीक ब्रशने रंगवावं का, हा आहे. आणि त्याचं उत्तर शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही, नगरला जावं लागलं. (आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात अजून नगरच.) तिथलं रणगाडा संग्रहालय ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी मुलांना घेऊन जरूर जावं. आपल्या चिलखती दलानेच ते १९९४ मध्ये उभं केलंय. तिथे आपला विजयंता आहे तसा पाकिस्तानचा पॅटन पण आहे, दुसऱ्या महायुद्धातला जपानी रणगाडाही आहे. ज्या पॅटनने १९६५ मध्ये आपल्या पोरांवर गोळे टाकले तो पॅटन आपल्याच फौजेने नीट रंगवून, पाटी लावून ठेवलाय. कुणी त्याला नमस्कार करत नाही, कुणी थुंकतही नाही. लोक जवळ जातात, चिलखतावर हात फिरवतात, जाडी बघतात, आणि गप्प होतात. हे गप्प होणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता माझ्या टेबलावर येऊ. पेपरमध्ये "हलका रणगाडा" वाचताना मला वाटायचं, हलका म्हणजे किरकोळ. जोडायला बसल्यावर कळायला लागलं. खरा टाइप १५ तेहतीस टनांच्या आसपास भरतो, जादा चिलखत चढवलं की छत्तीसच्या घरात जातो. चीनचाच मोठा टाइप ९९ए पन्नास टनांच्या वर. मोठ्याची तोफ १२५ मिलिमीटरची, याची १०५. म्हणजे मुद्दाम कमी केलंय. का? तर पँगाँगच्या काठावर, सव्वाचार हजार मीटरवर, हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्के उरतो. माणसाला धाप लागते तशी इंजिनालाही लागते. म्हणून वजन उतरवलं, इंजिन हजार अश्वशक्तीचं ठेवलं, गोळा भरणारा माणूस काढून तिथे यंत्र बसवलं, तिघांतच काम भागवलं. जादा चिलखत किटमध्ये वेगळ्या तुकड्यांनी येतं, खऱ्यातही ते वेगळंच चढवतात. तो एकेक तुकडा चिमट्याने उचलून गाडीच्या बाजूला चिकटवताना लक्षात येतं की हे यंत्र कुणीतरी नकाशा समोर ठेवून बनवलंय. त्या नकाशावर आपला डोंगर होता. डिसेंबर २०१८ मध्ये चीनने हा रणगाडा सैन्यात आल्याचं जाहीर केलं, १ ऑक्टोबर २०१९ ला बीजिंगच्या संचलनात दाखवला, आणि पुढच्या वर्षी गलवान. हे तीन आकडे मला वेगवेगळे माहीत होते. एका ओळीत ते टेबलावर बसून लागले.

आणि मग मी आपलं जुनं काढून वाचायला लागलो, तर काय निघालं बघा. उंचावर हलके रणगाडे नेण्याचा उद्योग आपण फार आधी केलाय. १ नोव्हेंबर १९४८ ला जोजिला खिंडीत जनरल थिमय्यांनी सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे उतरवले. साडेतीन हजार मीटरच्या आसपासची उंची, बर्फ पडायला लागलेलं, आणि समोरच्याला पत्ता लागू नये म्हणून वाटेत टरेट उतरवून नेलेले! १९६२ च्या ऑक्टोबरात चुशूलला एएमएक्स-१३ हे रणगाडे एएन-१२ विमानांत घालून नेले. नंतर आपण जड गाड्यांकडे वळलो, आणि २०२० मध्ये टी-७२ आणि टी-९० वर चढवावे लागले. पोरांनी ते चढवले आणि चालवले, हे त्यांचं. पण हलकी गाडी आपल्याकडे नव्हती, हेही खरं. आपला जोरावर जुलै २०२४ मध्ये हजिऱ्याला लोकांसमोर आला. पंचवीस टन, १०५ची तोफ. त्याच वर्षी डिसेंबरात न्योमाला चार हजार दोनशे मीटरच्या वर त्याने गोळे टाकून दाखवले. ज्याचं नाव दिलंय ते जोरावरसिंग १८४१ च्या डिसेंबरात तिबेटमध्येच पडले होते.

हे सगळं मी शाळेत शिकलो नाही. पेपर रोज वाचूनही शिकलो नाही. एका चिनी खोक्याने शिकवलं, असं म्हटलं तर मेव्हणा परत फोन करेल.

आता दुसरी बाजू. वहिनी गेल्यावर मी तीन-चार दिवस किटला हात लावला नाही, आणि तेव्हा एक गोष्ट मनाशी कबूल करावी लागली. आमच्या या छंदात एक खोट आहे. आम्ही पाहता पाहता भाळतो. "काय सुंदर टरेट आहे" असं मी स्वतः म्हणालोय, याच टेबलावर. जर्मन टायगरचं काय झालं बघा ना. जगातल्या निम्म्या मॉडेलवाल्यांच्या कपाटात टायगर असतो, आणि तो रणगाडा कुणासाठी लढत होता हे कपाटात कुठेच दिसत नाही. खोक्यावरच्या चित्रात तो नेहमी जिंकत असतो. चीनच्या टाइप ५९ ची किटं तर चिनी कंपन्यांनीच काढली आहेत. पण ५ जून १९८९ ला बीजिंगच्या छांगआन रस्त्यावर पिशव्या घेतलेला एक माणूस ज्या रांगेसमोर उभा राहिला, ती रांग टाइप ५९ चीच होती. तसं चित्र असलेला खोका माझ्या तरी पाहण्यात नाही. आणि १९७१ च्या डिसेंबरात लोंगेवालाच्या वाळूत आपल्या हंटर विमानांनी जे पाकिस्तानी रणगाडे जाळले त्यातही हेच टाइप ५९ होते. तो जळका रणगाडा करावा असं मला वीस वर्षांत एकदाही सुचलं नाही. नेहमी आपला संचलनातला, धुतलेला, चकचकीत!

म्हणजे वहिनींचा प्रश्न "हा कशाला घरात" असा नव्हताच कदाचित. "तुम्ही याला असं प्रेमाने कसं काय बघता" असा होता. त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. हौस असल्याशिवाय दोनशे बारके तुकडे कुणी घासत बसत नाही, आणि हौस आली की माया येतेच. आपला स्वभाव. मी एवढंच म्हणेन, की न बघण्यापेक्षा बघणं बरं. ज्याला आपण नुसतं "चिनी रणगाडा" म्हणून नाक मुरडतो त्याच्याबद्दल आपण एक तर फार घाबरून बोलतो नाही तर फार फुशारकीने. टीव्हीवर २०२० मध्ये दोन्ही ऐकलं. त्या ओरडणाऱ्यांपैकी कुणी त्याचं वजन सांगितलेलं मला आठवत नाही.

परवा पुतण्याचा फोन आला होता. त्याच्या आईने सांगितलंच होतं. मला वाटलं रागावेल. तो हसला. मग जरा वेळाने म्हणाला, "काका, तिकडे रात्री मधूनमधून इंजिनं चालू करत बसावं लागायचं, नाहीतर सकाळी चालूच व्हायची नाहीत. आमचीही आणि त्यांचीही. थंडीत आवाज लांबून यायचा." बस्स. आणखी काही सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात तो आवाज आहे. दोन्हीकडची पोरं अंधारात, हात चोळत, एकमेकांच्या इंजिनाचा आवाज ऐकत बसलेली.

त्यामुळे मूळचा बेत बदललाय. संचलनातला हिरवट ठोकळ्याठोकळ्यांचा रंग स्वच्छ ठेवून काचेच्या पेटीत घालणार होतो, ते रद्द. फेब्रुवारी २०२१ मध्ये पँगाँगच्या काठावरून दोन्ही बाजूंचे रणगाडे मागे घेतले, त्याचे व्हिडिओ आपल्या फौजेने दाखवले होते. तसा करायचा विचार आहे. तळाला लडाखची करडी माती, जाळ्यांवर धूळ, पट्ट्यांत गोठलेला चिखल, आणि तोंड पलीकडे वळलेलं. मातीचा रंग मात्र अजून जमत नाहीये. माझ्याकडे आहे तो पिवळट होतो, राजस्थानचा वाटतो. पुतण्याला फोटो पाठवलेत, त्याने "अजून राखाडी" एवढंच लिहून पाठवलंय. शेजारी एक स्टुअर्ट पण करायचा आहे, टरेट उतरवलेला, पण त्याला दिवाळी उजाडेल.

कुणाकडे लडाखच्या मातीचे जवळून काढलेले, भर उन्हातले नकोत, ढगाळ दिवसाचे फोटो असतील तर कृपया पाठवा.

आणि वहिनी, येत्या रविवारी जेवायला याच. टेबल आवरून ठेवतो. रणगाडा हवा तर आतल्या खोलीत ठेवीन, पण एकदा बघा असं मला मनापासून वाटतं. नको असेल तर नको. पुरणपोळी आहे.