घरची हौस : काचेच्या टाकीतला नदीकाठ

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातील गोष्ट. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या हट्टापायी एका रविवारी आम्ही बाजारातून एक लहानशी तयार काचेची टाकी, मूठभर रंगीत खडे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत सहा मासे असा सरंजाम घरी आणला. आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवलेले पाणी टाकीत ओतले आणि संध्याकाळी मासे सोडले. शुक्रवार उजाडेपर्यंत सहांपैकी पाच गेले. मुलीने ते एकेक करून गॅलरीतल्या कुंडीत पुरले. सहावा आम्ही शेजाऱ्यांच्या जुन्या, हिरवट, काठाला शेवाळ धरलेल्या टाकीत नेऊन सोडला. तो मात्र जगला. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिने मला विचारले, “आई, आपलं पाणी तर किती स्वच्छ होतं. मग?”

मला उत्तर देता आले नाही. ते शोधता शोधता जे हाती लागले, ते ह्या वेळच्या सदरात आपल्यापुढे ठेवते आहे. कारण अशी पिशवी घेऊन घरी येणारी माणसे पुष्कळ असतात, आणि पुढचा शुक्रवारही बहुतेकांच्या घरी तसाच उगवतो.

उत्तर असे की, आमचे पाणी स्वच्छ होते, पण कोरे होते. मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. उरलेले अन्न कुजले की त्यात आणखी भर पडते. हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, पण माशाला तो विषासारखा. नदीत, तळ्यात आणि शेजाऱ्यांच्या त्या जुन्या टाकीत वाळूवर, दगडांवर व मुळांवर सूक्ष्म जंतूंची वसाहत असते. काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात; तेही विषारीच. दुसरे जंतू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य असून वनस्पतींना खत म्हणून उपयोगी पडते. ही वसाहत नव्या टाकीत वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही तिला एक संध्याकाळही दिली नव्हती.

तेव्हा दुसऱ्या खेपेस आम्ही आधी झाडे लावायची, मग वाट पाहायची आणि शेवटी मासे आणायचे असा क्रम ठरवला. त्यासाठी जो प्रकार निवडला त्यास ‘रिपेरिअम’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘रिपा’ म्हणजे नदीचा काठ. टाकी काठोकाठ न भरता दोन-तृतीयांशाच्या आतच भरायची आणि मागच्या काचेला अशी झाडे टांगायची की, त्यांची मुळे पाण्यात राहतील व पाने वर हवेत. भाषांतराच्या धंद्यात आयुष्य चालले असल्याने मी ह्यास मराठी नाव शोधू लागले. ‘तीरवाटिका’ असे एक भारदस्त नाव सुचलेही. पण मुलीने पहिल्या दिवसापासून ‘काठ’ म्हणायला सुरुवात केली आणि घरात तेच रूढ झाले.

ह्या काठाचा गुण केवळ शोभेत नाही. पूर्ण बुडालेल्या वनस्पतीला पाण्यात विरघळलेल्या थोड्याशा कार्बन डायॉक्साइडवर भागवावे लागते, म्हणून ती सावकाश वाढते. पाने हवेत असलेल्या झाडाला तो हवेतून हवा तितका मिळतो. साहजिकच ते जोमाने वाढते आणि पाण्यातला अमोनिया व नायट्रेटही तितक्याच जोमाने ओढून घेते. शिवाय लोंबणारी मुळे जंतूंना राहायला जागा देतात आणि भित्र्या माशांना आडोसा. मासे, वनस्पती आणि गोगलगायी एकमेकांच्या आधाराने एका भांड्यात नांदू शकतात हे १८५० साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनज्ञाने प्रयोगाने दाखवले होते. आपण त्याच्या मांडणीला फक्त काठाची जोड देत आहोत.

आता टाकीचा हिशेब. तयार टाकीपेक्षा काचवाल्याकडून काच कापून घेणे स्वस्त पडते. ५ मिलिमीटर जाडीची काच घ्यावी. तळाला ६० × ३० सेंटिमीटरचा एक तुकडा, पुढे-मागे ६० × ४० चे दोन आणि बाजूंना २९ × ४० चे दोन. बाजूचे तुकडे पुढच्या व मागच्या काचेच्या मधोमध बसतात, म्हणून ते दोन काचांच्या जाडीइतके, म्हणजे १ सेंटिमीटर, कमी. कडा घासून द्यायला अवश्य सांगावे. मी सांगितले नाही. त्याची खूण अजून अंगठ्यावर आहे. जोडण्यासाठी सिलिकोन वापरावे, पण ते पाहून घ्यावे. न्हाणीघरासाठी बुरशीनाशक घातलेले सिलिकोन मिळते, ते माशांना घातक असते. साधे, शुद्ध, लावताना व्हिनेगरसारखा वास येणारे चालते. सांधे आठवडाभर वाळू द्यावेत आणि मग टाकी गॅलरीत ठेवून दोन दिवस पाण्याने भरून पाहावी. दिवाणखान्यात पहिली परीक्षा घेऊ नये.

पाणी तळापासून २५ सेंटिमीटर भरायचे. आतली लांबी ५९ व रुंदी २९ धरली की, हे सुमारे ४३ लिटर होते. तळाला ४ सेंटिमीटर वाळू गेली म्हणजे प्रत्यक्ष पाणी चाळिसाच्या आतच. पाणी, वाळू, काच आणि दोन-चार दगड मिळून वजन साठ-पासष्ट किलो भरते; तेव्हा डळमळते तिवई कामाची नाही. टाकीखाली थर्मोकोलचा सपाट तुकडा घालावा, म्हणजे पृष्ठभागाचा उंचसखलपणा काचेला बाधत नाही. खिडकीच्या थेट उन्हात ठेवल्यास पंधरा दिवसांत सारे हिरवे होईल.

वाळू नदीची व जाडसर घ्यावी, समुद्राची नको. पाणी नितळ निघेपर्यंत धुवावी. चिमूटभर वाळूवर लिंबू पिळून पाहावे. फेस आला तर तीत शिंपल्यांचा चुना आहे असे समजावे. मागच्या काचेच्या वरच्या कडेला टांगण्यासाठी परदेशात खास पात्रे विकत मिळतात म्हणे. आम्ही स्वयंपाकघरात चमचे ठेवण्याच्या जाळीदार प्लॅस्टिकच्या डब्या घेतल्या व प्लॅस्टिकच्याच आकड्यांनी अडकवल्या. तांब्याची तार वापरू नये. तांब्या-पितळेच्या हंड्यात साठवलेले पाणीही टाकीत ओतू नये. माणसाला जे मानवते ते जलचरांना मानवेलच असे नाही.

डब्यांत माती नाही, खत नाही. केवळ धुतलेली बारीक खडी. हवेचा लहान पंप, त्याला जोडलेली स्पंजची गाळणी आणि ९ वॅटचा एक पांढरा एलईडी दिवा, तोही दिवसाकाठी आठ तास, एवढ्यावर भागते. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे उतरते. टाकीत हात घालण्यापूर्वी सगळ्या पिना काढून ठेवाव्यात, हे मुलांना पहिल्या दिवशीच शिकवावे. ह्या सर्वाचा माझा खर्च अडीच हजार रुपयांच्या आत बसला. आपल्या गावचे भाव निराळे असतील.

झाडांच्या बाबतीत मात्र खर्च जवळजवळ नाही, आणि खरी मौज इथेच आहे. मनीप्लँटची फांदी कोणाही ओळखीच्या घरी मिळते. काचेवर टांगली की दोन आठवड्यांत तिची पांढरी मुळे पाण्यात उतरतात. पाणब्राह्मी ही तर जात्याच काठावर राहणारी. ती पाण्याखालीही जगते आणि बाहेर डोके काढून बारीक फुलेही देते. वेखंडाचा कंद खडीत अर्धा रोवावा; त्याची तलवारीसारखी पाने मागच्या बाजूला उभी राहिली की काठाला खरोखरीचा काठपणा येतो. लव्हाळ्याच्या जातीतले छत्रीसारख्या शेंड्याचे झाड रोपवाटिकेत मिळते, तेही उत्तम. अळू लावण्याचा मोह मलाही झाला होता. ते वाढते झकास, पण महिन्याभरात दिव्याला भिडते आणि बाकीच्यांना झाकून टाकते. पाण्याखाली व्हॅलिस्नेरिया किंवा हायड्रिला पुरे. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडांवर कीटकनाशक मारलेले असण्याचा संभव असतो. त्यांच्या मुळांची माती धुऊन ती दहा-पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेवावीत आणि पाणी दोन-तीनदा बदलावे. घरात रांगते मूल असल्यास मनीप्लँट त्याच्या हाती लागू देऊ नये. ते चावल्यास तोंडाची आग होते.

टाकी लावून झाली, दिवा लागला, पंप बुडबुडू लागला; आणि आता महिनाभर मासे नाहीत. हा भाग सर्वांत कठीण. एक दिवसाआड माशांच्या खाद्याची चिमूट रिकाम्या पाण्यात टाकायची, म्हणजे ते कुजून जंतूंना अमोनिया मिळेल. मुलगी म्हणाली, “आपण कोणाला जेवायला घालतोय?” मी तिला खरे ते सांगितले. ओळखीच्या निरोगी टाकीतला गाळणीचा स्पंज आपल्या पाण्यात पिळता आला तर काळ कमी होतो. आमच्या शेजाऱ्यांनी तो आनंदाने दिला. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे थेंब बाजारात मिळतात. दोन्ही शून्य दिसू लागली की टाकी तयार झाली. आमची टाकी एकोणतिसाव्या दिवशी तयार झाली.

मासे कोणते? परदेशातील हौशी लोक ज्यांना उष्णकटिबंधातले नवल म्हणून जपतात, त्यांतले काही आपल्याच ओढ्यांतले आहेत. आम्ही आठ झेब्रा डॅनिओ आणले. हा जेमतेम चार सेंटिमीटरचा, निळ्या पट्ट्यांचा चपळ मासा गंगेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन ह्यांनी १८२२ साली गंगेतील माशांवरच्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. ‘डॅनिओ’ हे नाव बंगालीतल्या ‘धानी’वरून, म्हणजे धानाच्या शेतातला, असे आले आहे. दिल्लीच्या थंडीत तो इतर पुष्कळ माशांपेक्षा तग धरतो, तरी पाणी १८ अंशांखाली जाऊ लागल्यास हीटर लावावाच. मुंबई-चेन्नईकडील वाचकांना त्याची गरज पडणार नाही. ज्यांना शांत स्वभावाचे मासे हवे असतील त्यांनी मधरंगी हनी गुरामीची एक जोडी ठेवावी. तो वर येऊन हवाही घेतो, म्हणून वीज गेल्यावर त्याची चिंता कमी. दोन्ही एकत्र नकोत. डॅनिओच्या धावपळीने गुरामी बुजतो. काच साफ करतो म्हणून दुकानदार ‘सकर’ गळ्यात मारतात. तो फुटाहून मोठा होतो, आणि कंटाळलेल्या माणसांनी सोडून दिल्यामुळे देशातील अनेक नद्या-तलावांत आज उपद्रव झाला आहे. टाकीतला कोणताही मासा वा झाड तळ्यात टाकू नये.

रोज एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे. काढलेले पाणी कुंड्यांना घालावे, तुळस त्यावर फोफावते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन एक दिवस उघडे ठेवल्याने उडून जाते. क्लोरॅमीन असेल तर जात नाही, त्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे थेंब मिळतात. आणि डासांचा फवारा! तो माशांना फार घातक आहे. मारायचाच झाल्यास पंप बंद करून टाकीवर ओले कापड झाकावे. आम्ही त्या खोलीत तो मारणेच बंद केले आणि मच्छरदाणी परत काढली.

चौथ्या महिन्यात मुलगी धावत आली आणि म्हणाली की मासे दहा आहेत. मी दोनदा मोजले. डॅनिओ आपली अंडी स्वतःच खातात. पण मनीप्लँटच्या मुळांच्या जंजाळात दोन पिल्ले, टाचणीएवढी, वाचली होती. अशा पिल्लांसाठी उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक पातळ फडक्यातून पाण्यात पिळावा, एका वेळी टाचणीच्या डोक्यावर मावेल इतकाच. जास्त झाला तर पाणी नासते.